तेच रेस्टॉरंट बुधवारी सुरेख आणि शनिवारी सुमार, असं का होतं?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक उंची रेस्टॉरंट आहे. दोघांचं बिल चार-साडेचार हजार होतं. पहिल्यांदा बुधवारी गेलात तेव्हा जेवण इतकं सुरेख झालं की पुढच्याच शनिवारी चार मित्रांना घेऊन गेलात. त्या रात्री पाऊण तास टेबलावर काही आलं नाही आणि आला तो मासा कोरडा. तिसऱ्या खेपेला जेवण ठीक होतं, पण कोणी ओळखही दाखवली नाही. असं का होतं, बिघडलेली डिश परत पाठवणं असभ्य आहे का, सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का आणि आईवडिलांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस तिथे करावा का, हे तुम्ही विचारलं आहे. वडिलांना कमी ऐकू येतं आणि आईंना मधुमेह आहे, हेही लिहिलं आहे.

मुंबईत आणि पुण्यात अशाच रेस्टॉरंटांच्या फ्लोअरवर मी आधी कॅप्टन, म्हणजे टेबलावर ऑर्डर घेणारी, आणि मग मॅनेजर म्हणून काम केलं. हल्ली नव्या जागांच्या स्टाफला शिकवते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: वाढदिवस तिथेच करा. जे किचन बुधवारी सुरेख जेवू घालतं त्याच्या हाताला चव आहे. शनिवारी गाडं कुठे अडलं ते समजून घेतलंत, तर ते टाळणं बरंचसं तुमच्या हातात येतं.

कॅप्टनने ऑर्डर घेतली की तिची केओटी, म्हणजे किचनसाठीची ऑर्डरची चिठ्ठी, किचनमध्ये छापली जाते. तयार प्लेट ज्या ओट्यावरून बाहेर पडतात त्याला आम्ही पास म्हणतो. तिथे उभा असलेला शेफ केओटी मोठ्याने वाचतो आणि ग्रिल, हॉट, कोल्ड, डेझर्ट अशा सेक्शनना आपापला भाग कळतो. पन्नास-साठ खुर्च्यांच्या रेस्टॉरंटात एका सेक्शनवर एक, फार तर दोन माणसं असतात. एका टेबलाच्या मेन कोर्सच्या सगळ्या प्लेट एकदमच बाहेर जायला हव्यात, हा त्यांच्यावरचा सगळ्यात मोठा ताण. रोस्ट चिकनला २०-२५ मिनिटं लागतात, रावसाच्या तुकड्याला सहा-सात. म्हणजे कोंबडी ओव्हनमध्ये जाऊन पाव तास झाला की मगच मासा तव्यावर पडला पाहिजे. बुधवारी आठ वाजता ग्रिलवरच्या मुलासमोर दोन-तीन तुकडे असतात आणि त्याचं लक्ष प्रत्येकावर असतं. शनिवारी सव्वानऊला त्याच्यासमोर डझनभर तुकडे असतात, चार टेबलांचे, प्रत्येकाची वेळ वेगळी.

अशा गर्दीत मासा वेळेवर तयार होतो, पण त्याच टेबलाची कोंबडी मागे राहते. मग मासा पासवरच्या गरम दिव्याखाली थांबतो. माशाचं मांस ५५-६० अंशांना शिजून होतं. त्यापुढे ते पाणी सोडत जातं आणि तव्यावरून काढल्यावरही आतल्या उष्णतेने शिजतच राहतं. वरून दिव्याची धग असतेच. पाच-सहा मिनिटांत मऊसूत तुकड्याचा भुगा होतो. तुमचा मासा बहुधा तव्यावर नाही, पासवर वाळला.

सगळी गर्दी नऊलाच का लोटते? कारण आपल्याकडे शनिवारी घरातून बाहेर पडायची वेळच साडेआठ. जाणता मॅनेजर दर पंधरा मिनिटांना ठरावीकच लोक बसवतो. दारात उभ्या माणसाला आत तीन टेबलं रिकामी दिसतात आणि तरी होस्टेस म्हणते, वीस मिनिटं थांबावं लागेल. लोक चिडतात, वाद घालतात. पण किचन बुडू नये म्हणून हात राखणारी जागा मला नेहमी विश्वासाची वाटते. दार उघडं टाकून दहा मिनिटांत सगळं हॉल भरणाऱ्या जागेत पाऊण तास उपाशी बसावं लागतं आणि त्या रात्री तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतं.

त्यात तुम्ही सहा जण होतात. मोठ्या टेबलावर आपण मराठी माणसं ऑर्डर तुकड्यातुकड्याने देतो: आधी दोन स्टार्टर सांगू, बाकीचं बघू. यात किचनच्या दृष्टीने एक अडचण आहे. प्रत्येक नव्या ऑर्डरची नवी केओटी निघते आणि ती रांगेच्या शेवटी लागते. साडेनऊला मागवलेले मेन कोर्स तोवर आलेल्या सगळ्या टेबलांच्या मागे उभे राहतात. त्यापेक्षा बसल्यावर दहा मिनिटांत पूर्ण ऑर्डर द्या आणि कॅप्टनला स्पष्ट सांगा: हे आधी, मग थोडं थांबून हे, आणि आम्ही सांगेपर्यंत मेन कोर्स सुरू करू नका. केओटीवर तसा शेरा मारता येतो. किचनला पुढचं दिसत असलं की ते तयारी करून ठेवतं.

गर्दीच्या रात्री काय मागवावं हेही महत्त्वाचं. मंद आचेवर तासन्‌तास शिजलेली नल्ली, रस्सा, कॉन्फी केलेलं, म्हणजे चरबीत मंद शिजवलेलं, बदक, भाजून ठेवलेल्या भाज्यांचे पदार्थ हे सगळं दुपारीच तयार झालेलं असतं. रात्री फक्त गरम करून सजवायचं असतं, म्हणून ते शनिवारीही तितकंच चांगलं लागतं. तव्यावरचा मासा, मीडियम रेअर मांस, रिझोटो, सुफ्ले हे क्षणाचे पदार्थ. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की बिघडतात. ते मंगळवारी-बुधवारी खा. मेनू तोच, दरही तेच, तरी वाराप्रमाणे निवड बदलली की जेवण बदलतं.

माशाबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्या भागात उंची जागांची खरी परीक्षा माशावरच होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मेनूवर समुद्राचा मोठा मासा असेल तर तो बहुतेक पूर्वेकडून आलेला, फ्रोझन किंवा शेततळ्यातला. यात फसवणूक नाही. चांगल्या प्रतीचा फ्रोझन मासा नीट हाताळला तर उत्तम लागतो. पण कॅप्टनला विचारा, आज मासा कोणता आणि कुठून आलाय? ज्याच्या ब्रीफिंगमध्ये, म्हणजे जागा उघडण्याआधीच्या स्टाफच्या बैठकीत, हे सांगितलेलं असतं तो पटकन उत्तर देतो. जो ‘सगळं फ्रेश आहे सर’ म्हणतो, त्याच्याकडे त्या दिवशी मासा मागवू नका. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा बाहेर पडतात, मासळी यायला लागते आणि नेमका तेव्हा श्रावण असल्याने अर्ध्या घरांत सामिष बंद असतं. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर उंची रेस्टॉरंटात मासे खायला वर्षातला याहून चांगला काळ मला माहीत नाही: माल ताजा, हॉल निवांत.

आता ओळखीचा मुद्दा. तुमच्या प्रश्नात हे वाक्य जाता जाता आलं आहे, पण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे.

पूर्वी आपल्याकडे असं जेवण म्हणजे पंचतारांकित हॉटेलच. १९९९ साली राहुल आकेरकर यांनी कुलाब्यात ‘इंडिगो’ सुरू केलं आणि हॉटेलच्या छताबाहेरही त्या तोडीचं किचन चालू शकतं हे मुंबईने पाहिलं. ते २०१८ मध्ये बंद झालं, पण तोवर वाट पडली होती. २०११ मध्ये कुलाब्यातच ‘द टेबल’ आलं, अलिबागला स्वतःच्या शेतात भाजी पिकवणारं. २०१५ मध्ये लोअर परळला ‘द बॉम्बे कॅन्टीन’ आलं. त्यात फ्लॉइड कार्डोझ होते. मुंबईत वाढलेला हा शेफ १९९८ पासून २०१० पर्यंत न्यूयॉर्कमध्ये डॅनी मायर यांच्या रेस्टॉरंट-समूहाचं ‘तबला’ चालवत होता. मायर यांचं पहिलं रेस्टॉरंट, १९८५ सालचं ‘युनियन स्क्वेअर कॅफे’, हे उंची आणि तरीही त्या वस्तीचं म्हणता येईल अशा जागेचं ठळक उदाहरण. पाहुण्याची आवड लक्षात ठेवणं हे तिथे पाककौशल्याइतकंच मोठं काम मानलं जातं. कार्डोझ २०२० मध्ये कोविडने गेले. त्यांच्याकडून शिकलेली मुलं आज आपापली किचन चालवत आहेत.

पंचतारांकित हॉटेलला खोल्यांचं आणि बँक्वेटचं उत्पन्न असतं. रेस्टॉरंटात आज कमी लोक आले तरी हॉटेल चालतं. तुमच्या गल्लीतल्या जागेला तो आधार नाही. प्लेटच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा कच्च्या मालात जातो, मग भाडं, पगार, गॅस, वीज. जे उरतं ते महिन्यातून एकदा-दोनदा परत येणाऱ्या जवळपासच्या लोकांमुळे उरतं. म्हणजे तुम्हाला जितकी त्यांची गरज आहे त्याहून जास्त त्यांना तुमची आहे. तरीही तिसऱ्या खेपेला कोणी ओळखलं नाही, कारण या धंद्यात माणसं टिकत नाहीत. बुधवारी तुम्हाला वाढणारा मुलगा एव्हाना दुसरीकडे गेलाही असेल. म्हणून चांगल्या जागा पाहुण्यांची नोंद बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात: शेंगदाण्याची ॲलर्जी, खिडकीजवळचं टेबल आवडतं, मागच्या वेळी मासा कोरडा होता. ही नोंद फोन नंबरला जोडलेली असते. तुम्ही एकदा स्वतःच्या नंबरवरून, एकदा मित्राच्या नंबरवरून आणि एकदा तसेच दारात जाऊन जेवलात, तर त्यांच्या लेखी तुम्ही तीन वेगळे लोक आहात. घराजवळ असलात तरी फोन करून जा, नेहमी एकाच नंबरवरून. निघताना मॅनेजरला दोन वाक्यं सांगा, काय आवडलं आणि काय नाही. रात्री बंद करताना तो ते लिहून ठेवतो. मी असंख्य वेळा लिहून ठेवलं आहे आणि पुढच्या खेपेला त्याच माणसाला न विचारता कोपऱ्यातलं टेबल देताना मनापासून आनंद झाला आहे.

डिश परत पाठवणं अजिबात असभ्य नाही. फक्त दोन-तीन घासांत पाठवा आणि काय चुकलं ते नेमकं सांगा: मासा कोरडा आहे, मीठ जास्त आहे, मधे गार आहे. आवाज चढवायची गरज नसते. कॅप्टनला खूण करा, तो प्लेट उचलेल आणि पासवर ती पुन्हा, सगळ्यात आधी बनवायला सांगितली जाईल. शेफ परत आलेली प्लेट चाखून बघतो. त्याच तव्यावरचे पुढचे चार मासे त्यामुळे वाचतात. डिशमध्ये दोष नाही पण चव तुम्हाला रुचली नाही, तर तेही सांगा. बदलून देणं तेव्हा त्यांच्या मर्जीवर असतं, पण वस्तीतली शहाणी जागा बहुधा बदलून देते. मला वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं: पाहुणा सगळं ठीक म्हणून हसत उठायचा आणि मध्यरात्री एक स्टार देऊन तक्रार लिहायचा. टेबलावर असताना आम्ही काहीतरी करू शकलो असतो.

वाइन घेत असाल तर ग्लासने मागवताना बाटली कधी उघडली ते विचारा. काल उघडलेली असेल तर दुसरी मागा. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात, पण पुण्यातल्या एप्रिलच्या खोलीत ३० अंश असतात आणि त्यात नाशिकची किंवा अकलूजची उत्तम वाइनही उग्र लागते. बाटली दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा, १६-१८ अंशांवर ती खुलते.

आता सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: तो बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावाने घेता येणार नाही, आणि दिला नाही म्हणून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. रेस्टॉरंट संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून या सूचना कायम ठेवल्या. त्यावर अपीलही झालं. आजच्या घडीला तुम्ही शांतपणे तो काढायला सांगू शकता आणि ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकता. बिल वाचताना हे बघा: जेवण ४,००० रुपयांचं, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ४००, आणि जीएसटी लागतो तो ४,४०० वर. ५ टक्क्यांनी २२० रुपये, एकूण ४,६२०. सर्व्हिस चार्ज नसता तर ४,२०० झाले असते. स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी असतो. १८ टक्के बहुतेक ७,५०० रुपयांहून महाग खोल्या असलेल्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटांत लागतो. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट असतो, परमिट रूमसाठी नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के. तो बिलात वेगळा दिसला पाहिजे.

हक्क काय आहे ते सांगितलं, आता माझं मत. सर्व्हिस चार्ज काढून घेतलात आणि सेवा चांगली होती, तर टिप जरूर ठेवा. बऱ्याच जागी टिप एका पेटीत जमा होते आणि हुद्द्याप्रमाणे वाटली जाते. चांगल्या जागी त्यात भांडी घासणाऱ्या मुलांचाही वाटा असतो. तुमच्याकडे कशी वाटतात हे कॅप्टनला सरळ विचारा, कोणी रागावत नाही.

वाढदिवसाबद्दल. शनिवार-रविवार नको. तारीख शनिवारी येत असेल तर आधीच्या बुधवारी किंवा गुरुवारी करा. टेबल साडेसातचं घ्या. वडिलांना कमी ऐकू येतं असं तुम्ही लिहिलंय आणि हल्लीच्या अशा जागांत सिमेंटची जमीन, काच आणि उघडं छत असल्याने आवाज घुमतो. नऊनंतर तर समोरच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. बारपासून, स्पीकरपासून आणि किचनच्या दारापासून दूरचं, भिंतीला लागून कोपऱ्यातलं टेबल मागा. वडिलांना भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागून आवाज येणार नाही आणि सगळे चेहरे समोर दिसतील. टेस्टिंग मेनू घेऊ नका. अडीच-तीन तास बसून आठ-नऊ छोटे कोर्स खाणं सत्तरीच्या आसपासच्या माणसांना जड जातं. चार जणांत तीन स्टार्टर, तीन मेन आणि दोन गोड पदार्थ पुरतात. आईंना मधुमेह आहे, तर बसल्याबरोबर काहीतरी पोटात जायला हवं. ब्रेड आणि एक सूप आधीच सांगून ठेवा.

मॅनेजरला फोन आदल्या दिवशी दुपारी चार ते साडेपाचमध्ये करा. दुपारची गडबड संपलेली असते आणि संध्याकाळचं ब्रीफिंग व्हायचं असतं. तो निवांत ऐकतो आणि तुमच्या जेवणाच्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. त्याला चाळिसावा वाढदिवस, ऐकण्याची अडचण, तिखट कमी, मधुमेह आणि मागच्या शनिवारचा मासा, हे सगळं सांगा. केक बाहेरून नेणार असाल तर चालतो का आणि त्याचे पैसे घेतात का हे तेव्हाच विचारा. आणखी एक विनंती करा, ती बहुतेक जागा आनंदाने मानतात: आईवडिलांच्या हातात किमती नसलेला मेनू द्या, आणि बिल टेबलावर आणू नका. हात धुवायला जाताना काउंटरवर कार्ड देऊन या, नाहीतर ८०० रुपयांचं सूप बघून वडील फक्त पाणी मागवतील.